भरलेली दफनभूमी कोण सांभाळणार?

शहरातल्या जुन्या सार्वजनिक दफनभूमीत शिरलं की चित्र बहुधा सारखंच असतं. कलंडलेले दगड, पुसट झालेली नावं, थडग्याच्या फटीतून वर आलेलं झाड. याचा सगळा दोष आपण काळाच्या माथी मारून मोकळे होतो. ऊन-पाऊस आपलं काम करतातच, पण बऱ्याच ठिकाणी दुर्दशेचं मूळ हिशेबाच्या वहीत असतं. दफनभूमीला पैसा मिळतो तो नव्या दफनांतून. जागेचे पैसे आले की त्यातून रस्ते, भिंती, माळी, पहारेकरी सगळं चालतं. मग कधीतरी जागा संपते. उत्पन्न तिथेच थांबतं आणि खर्च वाढायला नेमकी तेव्हाच सुरुवात होते, कारण दगड, कुंपण आणि झाडं तोवर जुनी झालेली असतात. पैसे एकदाच घ्यायचे आणि सांभाळ कायमचा करायचा, असा हा व्यवहार पहिल्या दिवसापासूनच आतबट्ट्याचा होता.

तो कुणी मांडला आणि का, हे कळायला अठराव्या शतकाच्या अखेरीस जावं लागतं. तोवर युरोपातल्या शहरांत माणसं चर्चच्या आवारातच पुरली जात. आवार एवढंसं, शहर मात्र फुगत चाललेलं. पॅरिसच्या ऐन बाजारपेठेला लागून इनोसां नावाची दफनभूमी होती. तिथे गरिबांसाठी मोठाले खड्डे खणत. एक भरला की दुसरा. जुनी हाडं उकरून भोवतालच्या ओवऱ्यांच्या माळ्यावर रचून ठेवत. शेकडो वर्षं हे असंच चाललं. १७८० साली शेजारच्या एका घराच्या तळघराची भिंत पलीकडच्या भाराने फुटली आणि प्रेतांसकट माती तळघरात आली. त्याच वर्षी तिथलं दफन बंद झालं. पुढे १७८६ पासून तिथली हाडं शहराखालच्या जुन्या दगडखाणींत हलवली गेली. पॅरिसचे प्रसिद्ध कॅटाकोम्ब्स ते हेच.

यानंतर १८०४ साली नेपोलियनच्या राजवटीने एक हुकूम काढला. दफन शहराच्या वस्तीबाहेर करायचं, प्रत्येक प्रेताला स्वतंत्र खड्डा द्यायचा, खड्डा दीड ते दोन मीटर खोल हवा, आणि साधा खड्डा पुन्हा वापरायचा तर पाच वर्षं थांबायचं. ज्याची ऐपत असेल त्याने जागा विकत घेऊन वर स्मारक उभारावं. आज जगभर आपल्याला जी दफनभूमी ओळखीची वाटते, म्हणजे आखलेले रस्ते, क्रमांक दिलेले भाग, प्रत्येकाची वेगळी कबर, तिचा आराखडा बऱ्याच अंशी या हुकमात आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या पूर्वेला टेकडीवर पेर लाशेज सुरू झाली. सुरुवातीला तिकडे कुणी फिरकेना. इतक्या लांब, चढावर कोण जाणार? मग १८१७ मध्ये नाटककार मोलिएर, कवी ला फाँतेन आणि मध्ययुगातले गाजलेले प्रेमिक आबेलार-एलोईझ यांचे अवशेष तिथे वाजतगाजत आणले गेले. ती हाडं खरंच त्यांचीच होती का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण मागणी वाढली, हे मात्र खरं. मोलिएरच्या शेजारी जागा म्हटल्यावर श्रीमंतांना टेकडीचा चढ जाणवेनासा झाला.

लंडनमध्ये हे काम आधी खासगी कंपन्यांनी हाती घेतलं. १८३२ ते १८४१ या काळात शहराभोवती सात मोठ्या दफनभूमी निघाल्या: भागधारक, भांडवल, लाभांश असा रोख धंदा. गरज तर होतीच. ईनन चॅपल नावाच्या एका प्रार्थनागृहाच्या तळघरात वीस वर्षांच्या आत सुमारे बारा हजार प्रेतं कोंबली गेली होती, आणि वर फक्त लाकडी फळ्यांच्या जमिनीवर लोक रविवारची प्रार्थना करत होते. जॉर्ज वॉकर या शल्यचिकित्सकाने अशा जागांविरुद्ध मोहीमच उघडली. कुजण्याच्या दुर्गंधीतून रोग पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. हे चूक होतं. कॉलरा दूषित पाण्यातून येतो हे पुढे सिद्ध झालं. पण चुकीच्या कारणाने का होईना, काम चांगलं झालं. १८५२ च्या कायद्याने लंडनच्या आतल्या दफनभूमी बंद करता आल्या आणि नव्या दफनभूमी स्थानिक मंडळांनी करदात्यांच्या पैशातून काढाव्यात अशी सोय झाली. महापालिकेची दफनभूमी इथून रुजली.

अमेरिकेत बोस्टनजवळ १८३१ साली माउंट ऑबर्न सुरू झाली, तीही जेकब बिगेलो या डॉक्टरच्या पुढाकाराने. सोबतीला बागकामाची संस्था होती, त्यामुळे टेकड्या, तळी, वळणाचे रस्ते असं तिचं रूप. शहरात सार्वजनिक बागा फारशा नव्हत्या, म्हणून लोक सुटीच्या दिवशी फिरायला दफनभूमीत येऊ लागले. पुढे मोठ्या शहरी उद्यानांची मागणी वाढली त्यामागे या गर्दीचाही हात होता.

हा सगळा थाट चालू होता तोवर पुढचा हिशेब कुणी मांडला नाही. लंडनची हायगेट दफनभूमी १८३९ ची. कार्ल मार्क्स तिथेच आहे. विसाव्या शतकात महायुद्धांनी माळी-मजूर नेले, दफनं कमी झाली, देखभाल आटली. १९६० साली चालवणाऱ्या कंपनीचं दिवाळं निघालं. १९७५ मध्ये पश्चिमेकडच्या भागाला कुलूप लागलं. तोवर तिथे रान माजलेलं होतं. त्याच वर्षी नागरिकांनी संस्था स्थापन केली आणि १९८१ मध्ये ती जमिनीची मालक झाली. आज प्रवेशशुल्क, देणग्या आणि स्वयंसेवक यांवर जागा चालते. नशीब सगळ्यांचं एवढं चांगलं नसतं. १९८७ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर काउन्सिलने आपल्या तीन दफनभूमी प्रत्येकी पाच पेन्सला विकल्या. देखभालीचा बोजा झटकायचा होता, दुसरं काही नाही. मृतांच्या नातेवाइकांनी मोठा गदारोळ केला आणि शेवटी त्या परत घ्याव्या लागल्या.

यावर तोडगे निघाले आहेत. अमेरिकेत जागेच्या किमतीतला काही भाग वेगळा गुंतवून व्याजातून देखभाल करायची पद्धत पडली. जर्मनीत कबर मुळात विकतच नाहीत. ठरावीक वर्षांसाठी भाड्याने देतात, मुदत संपल्यावर नातेवाइकांनी वाढवून घ्यायची, नाहीतर जागा मोकळी. पहिल्या तोडग्याची अडचण उघड आहे: दीडशे वर्षांपूर्वी ठेवलेल्या रकमेच्या व्याजात आज एका माळ्याचा पगारही निघणं कठीण.

दगड झिजतो कसा

पैसा नाही म्हणून दुर्लक्ष, हे पहिलं संकट. दुसरं संकट पैसा आणि उत्साह अचानक आल्यावर येतं. दगड कसा झिजतो हे न समजता केलेली दुरुस्ती शंभर वर्षांच्या दुर्लक्षापेक्षा जास्त नुकसान करू शकते.

संगमरवर घ्या. एकोणिसाव्या शतकात तो फार आवडीचा, कारण पांढरा आणि कोरायला मऊ. रासायनिकदृष्ट्या तो कॅल्शियम कार्बोनेट. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळून आम्ल होतो आणि दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम करून टाकतो. जिप्सम पाण्यात जास्त विरघळतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते वाहून जातं, आणि सोबत अक्षरांच्या कडाही. जिथे पाऊस पोहोचत नाही, उदाहरणार्थ कोरीव फुलांच्या खालच्या बाजूला, तिथे ते साचतं, काजळी धरून ठेवतं आणि काळी खपली तयार होते. म्हणजे बघणाऱ्याला काळा भाग खराब वाटतो आणि पांढरा भाग शाबूत. प्रत्यक्षात झीज पांढऱ्या भागातच जास्त झालेली असते. खराब झालेल्या संगमरवरावर बोट फिरवलं तर साखरेसारखे कण हाताला लागतात. असा दगड घासायचा म्हणजे उरलंसुरलं नाव आपल्या हाताने पुसायचं.

वालुकाश्म थरांचा बनतो. पाथरवटाने थर उभे ठेवून दगड लावला असेल तर आत पाणी शिरून पुढचा पापुद्राच्या पापुद्रा निघतो, कोरलेल्या मजकुरासकट. स्लेटवर मात्र तीनशे वर्षांपूर्वीची अक्षरं कालची वाटावीत इतकी धारदार राहिलेली दिसतात. ग्रॅनाइट सगळ्यांत टणक, पण त्यावर कोरणं यंत्रं आल्यावरच परवडू लागलं. अमेरिकेत १८७० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत जस्ताची पोकळ थडगी विकली गेली. विक्रेते त्यांना 'पांढरं कांस्य' म्हणत. स्वस्त माल म्हणून अनेकांनी नाकं मुरडली असतील, पण निळसर राखाडी रंगाच्या त्या पत्र्यांवरची अक्षरं शेजारच्या संगमरवरापेक्षा आज कितीतरी स्पष्ट वाचता येतात.

दगडाच्या आत दडलेला शत्रू म्हणजे लोखंड. मोठी थडगी जोडताना दोन दगडांमध्ये लोखंडी कांबी घालत आणि वर शिसं ओतत. शिसं निघालं किंवा भेगेतून पाणी गेलं की लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड मुळापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं आणि ती दगड फोडून मिळवतं. कोपरे उडालेली थडगी पाहून लोक खोडसाळांना नावं ठेवतात. पुष्कळदा खोडसाळ आतच बसलेला असतो. आता दुरुस्ती करताना ती कांब काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलची बसवतात.

आणि मग सिमेंट. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण दुरुस्तीत ते सर्रास आलं विसाव्या शतकात. जुनी थडगी चुन्यात बांधलेली. चुना मऊ असतो, त्यातून ओल बाहेर पडते, दगड-विटा किंचित हलल्या तरी तो सांभाळून घेतो. चुन्याचे ते सांधे खरवडून कुणी सिमेंटने भरले की ओल अडकते. तिला बाहेर पडायला वाट राहते ती दगडातून किंवा विटेतून. जाताना ती क्षार पृष्ठभागाशी आणते, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाची साल सुटते. काही वर्षांनी सिमेंटची रेघ तशीच उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड खचलेला, हे दृश्य जुन्या दफनभूमींत इतकं नेहमीचं आहे की लोकांना ते मूळ काम वाटतं. सांधा दगडापेक्षा नेहमी मऊ हवा, एवढी एक गोष्ट कंत्राटदाराला पटली तरी निम्मं काम झालं असं मी मानतो.

रंगाचंही तेच. न्यू ऑर्लिन्सची सेंट लुईस क्रमांक १ ही दफनभूमी १७८९ ची. तिथली थडगी जमिनीच्या वर, मऊ विटांची, चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी अशी आहेत. मारी लाव्हो या एकोणिसाव्या शतकातल्या वूडू उपासिकेचं मानलं जाणारं थडगं तिथे आहे. नवस बोलणारे त्यावर फुल्या मारत. डिसेंबर २०१३ मध्ये कुणीतरी रातोरात ते सगळं थडगं गुलाबी लॅटेक्स रंगाने रंगवलं. त्या माणसाच्या मते कदाचित ती सेवाच असेल! पण लॅटेक्सचा थर हवाबंद. आतली विट ओली राहून भुसभुशीत होण्याचा धोका. रंग काढणं हे रंगवण्यापेक्षा कितीतरी महाग आणि नाजूक काम निघालं. मार्च २०१५ पासून तिथे अधिकृत मार्गदर्शकाशिवाय पर्यटकांना सोडत नाहीत. पेर लाशेजमध्ये लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्यावर चाहत्यांच्या लिपस्टिकच्या चुंबनांचा थर बसत गेला. लिपस्टिकमधलं तेल चुनखडकात मुरतं, दर सफाईत दगडाचा थोडा भाग जातो. २०११ मध्ये भोवती काचेची भिंत उभारावी लागली.

मग धुवायचं तरी कसं?

शक्यतो धुवायचंच नाही. हौशी मंडळींना हे उत्तर आवडत नाही, पण कबरीचा दगड नव्यासारखा दिसणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. वाचता येतो, उभा आहे, फुटत नाही, तर त्याला त्याच्या वयाचं दिसू द्यावं.

धुणं गरजेचंच असेल तर आधी दगड तपासायचा. टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, कण गळले, पापुद्रा हलला तर थांबायचं. दगड पक्का असेल तर भरपूर साधं पाणी ओतून तो आधी भिजवायचा. मग मऊ केसांच्या ब्रशने खालून वर घासत जायचं. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या भागावर ओघळून डाग पाडतं. अक्षरांतलं शेवाळ काढायला लाकडाची काडी. प्रत्येक हात फिरवल्यावर पुन्हा पाणी. तारेचा ब्रश, जोरदार फवाऱ्याचं यंत्र, आम्ल आणि घरातलं ब्लीच यांना स्पर्शही नको. ब्लीचने दगड झटक्यात पांढरा होतो म्हणून ते मोहात पाडतं. पण ते मागे क्षार ठेवून जातं, आणि क्षार काय करतात ते वर आलंच आहे.

अक्षरं वाचण्यासाठी खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळायची जुनी सवय अनेक हौशी वंशावळ-संशोधकांना आहे. तीही सोडायला हवी. आरशाने सूर्यप्रकाश दगडावर तिरपा पाडला की पुसट अक्षरांच्याही सावल्या उमटतात. तेवढ्यात फोटो काढायचा. नुसत्या डोळ्यांना कोरा दिसणारा दगड अशा फोटोत पुष्कळदा नाव सांगतो.

झाडं, गवत, दगडफूल यांचा विचार दगडाइतकाच करावा लागतो. थडग्याला कवटाळलेली वेल कधी ओढून काढू नये. मुळं सांध्यांत शिरलेली असतात आणि वेलीबरोबर विटाही येतात. बुंधा कापायचा, वेल वाळू द्यायची आणि मग हळूहळू सोडवायची. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ ची. तिथले विटा-चुन्याचे उंच पिरॅमिड आणि मनोरे पाहिले की मुळांचा हा प्रश्न किती मोठा असू शकतो ते कळतं. दगडफूल मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, फार सावकाश वाढतं, आणि शंभर वर्षांचा ठिपका खरवडला तर तो परत यायला तेवढीच वर्षं लागतात. गवत कापायच्या यंत्राची दोरी थडग्याच्या पायथ्याला दर आठवड्याला आपटते, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत तर यंत्र नीट फिरावं, जागा नीटनेटकी दिसावी म्हणून जुने दगड सरळ रांगांत हलवले गेले. आता कोणता दगड कुणाच्या अस्थींवर आहे हे बहुतेक ठिकाणी सांगता येत नाही. साधारण पाच हजार माणसं आणि दगड तेवीसशेच्या आसपास.

ज्यांना दगडच नव्हता

सार्वजनिक दफनभूमीतल्या बहुसंख्य लोकांच्या नावाचा दगड कधीच नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्ट बेटावर १८६९ पासून दहा लाखांहून जास्त माणसं पुरली गेली: बेवारस, गरीब, साथीत गेलेली. २०२० पर्यंत हे काम तुरुंगातल्या कैद्यांकडून करून घेत. २०२१ मध्ये बेट उद्यान विभागाकडे गेलं. त्याच शहरात १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना अठराव्या शतकातली आफ्रिकी लोकांची, त्यातल्या अनेक गुलामांची, दफनभूमी सापडली. जुन्या नकाशांत ती नोंदलेली होती, पण वर इतकी भर पडली होती की काही उरलं नसेल असं सगळ्यांनी धरून चाललं. लोकांनी आवाज उठवल्यावर खोदकाम थांबलं. ४१९ जणांचे अवशेष २००३ मध्ये पुन्हा सन्मानाने पुरले गेले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

म्हणून जतनाचं पहिलं काम कागदाचं. दफनाची रजिस्टरं स्कॅन करायची, जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवायचे, प्रत्येक दगडाचा फोटो आणि मजकूर टिपायचा. जमिनीखाली रडार सोडणारं यंत्र कुठे माती कधीकाळी उकरली गेली ते दाखवतं, नाव मात्र सांगत नाही. नाव कागद सांगतो, किंवा क्वचित धातू. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला प्रदक्षिणा घालणारा मॅथ्यू फ्लिंडर्स १८१४ साली लंडनमध्ये पुरला गेला, पुढे कबर हरवली. २०१९ मध्ये युस्टन स्टेशनजवळ रेल्वेसाठी हजारो कबरी उकरताना त्याची शवपेटी ओळखता आली, कारण तिच्यावरची नावाची पट्टी शिशाची होती. टिनच्या पट्ट्या बहुतेक गंजून गेल्या होत्या. २०२४ मध्ये त्याला त्याच्या जन्मगावी पुन्हा पुरलं.

कागदानंतर पाण्याचा निचरा, मग धोकादायक झाडं आणि कलंडणारे दगड, मग सांधे. धुणं सगळ्यात शेवटी. देणगीदारांना मात्र धुतलेल्या दगडाचा फोटोच दाखवता येतो, म्हणून क्रम उलटा होतो.

आता पुन्हा हिशेबाकडे. उत्पन्न थांबणं हे मूळ दुखणं असेल तर जुनी कबर पुन्हा वापरणं हा त्यावरचा सरळ उपाय, आणि लंडनने तो स्वीकारायला सुरुवात केली आहे. शहराच्या सिटी ऑफ लंडन दफनभूमीत निवडक जुन्या कबरी पुन्हा दिल्या जातात. जुना दगड फिरवून त्याच्या मागच्या बाजूला नवं नाव कोरतात, पहिलं नाव पाठीमागे कायम राहतं. हायगेटसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. ७५ वर्षांत जिथे दफन झालेलं नाही अशाच कबरी निवडायच्या, आधी जाहीर नोटीस द्यायची, वारसाने आक्षेप घेतला तर त्या कबरीला हात लावायचा नाही. अनेकांना ही कल्पना सहन होत नाही. मला ती पटते, कारण माळ्याचा पगार आठवणींतून निघत नाही. माझी अट एकच: नोटीस लावण्याआधी त्या कबरीची नोंद, फोटो आणि मजकूर सार्वजनिक संग्रहात जमा झालेला असला पाहिजे, आणि त्याचा खर्च नवी जागा घेणाऱ्याच्या किमतीतच धरला गेला पाहिजे.